आकड्यांपलीकडचे डॉ. शंभुनाथ डे

महोदय,

वैद्यकीय संशोधकाची निवड करताना शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेली उद्धरणे (इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत केलेले त्यांचे उल्लेख) आणि या दोन्हींवरून काढला जाणारा एच-इंडेक्स हा आकडा एवढेच पाहण्याची रीत बळावते आहे. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे या चाळणीतून पार पडले असते का, याची मला शंका वाटते. १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातील छोट्याशा निबंधात त्यांनी दाखवले, की कॉलऱ्याचे जिवाणू गाळून काढलेला द्रवही सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे घात करते ते जिवाणूंनी सोडलेले विष. पुढचे कॉलरा संशोधन याच पायावर उभे राहिले. पण निबंधाची दखल घ्यायला जगाने बरीच वर्षे लावली. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले, आपल्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना फेलो केले नाही. १९८५ मध्ये ते गेले. उद्धरणे मोजण्याचे शास्त्र रुजवणाऱ्या युजीन गारफिल्ड यांनी त्यांच्या कामावर लेख लिहिला, तो १९८६ मध्ये!

निवड समित्यांनी उमेदवाराचे किमान दोन निबंध स्वतः वाचावेत आणि मुलाखतीत त्यांवरच प्रश्न विचारावेत. वेळ लागेल, तो द्यावा.

– सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली