लॅमिंग्टन रोडच्या काकांना, जरा उशिरानेच

काका, सादर नमस्कार.

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर रोज पन्नास जण कोटेशन मागायला उभे असतात, तेव्हा माझं नाव सांगून काही उपयोग नाही. खूण सांगतो. डिसेंबर २०२२. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून कराडहून मुंबईला आलेला, लग्नाच्या फिल्म बनवणारा, दुकानाचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर बसलेला एक जण. हातात छापील यादी: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, काचेचं कॅबिनेट, सात पंखे, सगळे रंगीत दिव्यांचे. खिशात अडीच लाखांची तयारी, त्यातले दीड कर्जाचे.

तुम्ही ती यादी वाचलीच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "फुटेज आणलंय का?"

खरं सांगतो, तेव्हा रागच आला होता. मुंबईला यायच्या आधी मी तीन दुकानं फिरलो होतो. सगळीकडे पहिला प्रश्न "बजेट किती?" आणि दुसरा "गेमिंग का?" असाच. फुटेज कोणी मागितलं नव्हतं. पेन ड्राइव्हमध्ये एका हळदीची क्लिप होती म्हणून बरं. कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी: फोरके, एच.२६५ (दाबून लहान केलेली), टेन-बिट, फोर-टू-टू (म्हणजे रंगाची माहिती नेहमीपेक्षा जास्त). दाव्हिंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी चावीही बॅगेत होती. डोंगल बघून तुम्ही म्हणालात, "हा आहे ना, मग निम्मं काम झालं."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. टेबलावर दोन मशीनं होती. एकात भारी कार्ड आणि माझ्या यादीतलाच प्रोसेसर, आय-सेव्हन १२७००एफ. दुसरं कळकट, एक बाजू उघडी, कार्डच नाही, नुसता साधा १२७००. क्लिप आधी भारी मशीनवर लावलीत. व्ह्यूअरच्या वरचा ठिपका लाल झाला, सेकंदाला पंचवीस चित्रं पळायला हवीत तो आकडा नऊवर अडकला, नवरीच्या गालाला लागलेला हात हवेतल्या हवेत अडखळत राहिला. टास्क मॅनेजर उघडून दाखवलंत: प्रोसेसर शंभर टक्के, आणि ग्राफिक्स कार्डाच्या 'व्हिडिओ डिकोड'ची रेघ जमिनीला टेकलेली. मग डोंगल काढून त्या कळकट मशीनला लावलात. ठिपका हिरवा. पंचवीस म्हणजे पंचवीस.

मी म्हटलं, "हे कसं काय?" तुम्ही म्हणालात, "कारण तू 'एफ' घ्यायला निघाला होतास."

तोपर्यंत मला 'एफ' म्हणजे दीड-दोन हजार वाचतात एवढंच ठाऊक होतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरमागे एफ असतो त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, हे माहीत होतं. पण बाहेर एवढं मोठं कार्ड लावल्यावर आतलं हवंय कशाला, असं मला वाटायचं. माझ्या कॅमेऱ्याची फोर-टू-टू फाईल उलगडायची सोय त्या वेळच्या एनव्हिडियाच्या कार्डांत नव्हतीच. (ती पुढे ५० मालिकेत आली.) इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या आतल्या ग्राफिक्समध्ये मात्र अकराव्या पिढीपासून होती. म्हणजे दोन हजार वाचवायला मी नेमकं तेच टाकून निघालो होतो, ज्यावर माझं रोजचं काम चालणार होतं.

आणि ती फाईल एवढी जड का, हे तुम्ही सांगितलंत तसं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. "ही फाईल म्हणजे उधारीची वही. आजचं पान वाचून काही कळत नाही; मागचं बघायचं, कधी पुढचं बघायचं, तेव्हा कुठे बाकी निघते. प्रोरेस ही दुसऱ्या प्रकारची फाईल म्हणजे रोखीचं बिल, प्रत्येक पान आपलं आपण पूर्ण." आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच ऐकवतो. तुमचं नाव घेऊन.

मग म्हणालात, "नुसतं एडिटिंगच करायचं असेल तर मशीन घेऊच नको. घरी जा, प्रॉक्सी, म्हणजे फाईलची हलकी नक्कल बनव." दुकानदार असं बोलतो? डीएनएक्सएचआर एलबी या हलक्या प्रकारातली फुल एचडी प्रॉक्सी तासाला साधारण १६ जीबी होते, हा हिशोब कोटेशनच्याच कागदामागे मांडून दिलात. मी म्हटलं, ग्रेडिंग, म्हणजे रंग बसवायचं काम करायचंय, ते मूळ फाईलवरच लागतं. तेव्हा कुठे तुम्ही पेनचं टोपण काढलंत. दुसरा चहा आला तो तेव्हाच.

कार्डावरून आपलं थोडं वाजलं. मला आरटीएक्स ३०७० हवं होतं, तुम्ही ३०६० काढलंत. नंबर लहान म्हणून मला ते कमीपणाचं वाटलं. तुम्ही खोक्यावरचा आकडा दाखवलात: याची मेमरी १२ जीबी, त्याची ८. "३०७० जास्त पळेल, खोटं कशाला सांगू. पण फोरकेवर टेम्पोरल नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातले दाणे घालवायचं काम टाकलंस आणि मेमरी भरली, की पळायचं सोड, जागचं हलणार नाही." लग्नाच्या हॉलमधल्या अंधारात नॉइज रिडक्शनशिवाय माझं पान हलत नाही, हे तुम्ही ओळखलं होतंत. जुन्या मशीनवर 'जीपीयू मेमरी फुल'ची पाटी मी इतकी बघितली होती, की पुढे वाद घातला नाही.

रॅमला वेळ घालवला नाहीत: ३२च्या दोन पट्ट्या, दोन खाचा रिकाम्या. डिस्कचंही तसंच. विंडोज वेगळ्या एसएसडीवर, कॅश (तात्पुरत्या फाईली) आणि चालू काम दोन टीबीच्या जलद एनव्हीएमई एसएसडीवर, झालेलं काम साध्या हार्ड डिस्कवर. फोरके प्रोरेस ४२२ एचक्यू तासाला ३३० जीबीच्या वर खातं हे ऐकून मी दुसरी हार्ड डिस्क तिथल्या तिथे वाढवली, आणि तुम्ही म्हणालात, "ही नकलेची, घरात ठेवू नको, मेहुण्याकडे ठेव." ती आजही मेहुण्याकडेच आहे.

पण काका, पत्र लिहायचं खरं कारण मॉनिटर.

त्याआधीच्या वर्षी एका पार्टीने फिल्म परत पाठवली होती. शालू कुंकवासारखा लाल, आणि त्यांच्या टीव्हीवर दिसला विटकरी, चार धुण्यांतून निघाल्यासारखा. पैसे कापले ते कापले, वर मुलीची आई म्हणाली, "आमच्या शालूचा रंग उडवलात." मला ते फार लागलं होतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. कोणता मॉनिटर आहे विचारलंत आणि मान हलवलीत. माझा गेमिंगचा मॉनिटर रंग मुळातच भडक दाखवायचा; मी डोळ्याला बरं वाटेपर्यंत ते खाली ओढायचो; आणि लोकांच्या घरी जायचं ते उतरलेलं. चूक माझ्या डोळ्यांची नव्हती. त्या दिवशी हे ऐकून काय वाटलं, ते तुम्हाला कळलं असेल.

कार्डात वाचले ते पैसे तुम्ही तिथे वळवलेत. कॅलिब्रेट होणारा, म्हणजे रंग मोजून जुळवता येणारा टेन-बिट मॉनिटर, आणि विंडोजला बगल देऊन शुद्ध सिग्नल काढणारं छोटं डेकलिंक कार्ड. टीव्हीच्या रंगांची मापं: रेक. ७०९, गॅमा २.४, पांढरा डी६५, उजेड १०० निट. हे तुम्ही माझ्या पेन ड्राइव्हच्या टोपणावर चिकटपट्टी लावून लिहिलंत. रंग मोजायचा प्रोब विकत घेऊ दिला नाहीत: "वर्षातून दोनदा लागणार, कोणाचा तरी भाड्याने आण." रंगीत दिव्यांचे पंखे तर यादीतून आडवी रेघ मारून उडवलेत. आणि निघताना विचारलंत, "खोलीची भिंत कोणत्या रंगाची?"

पोपटी होती.

"मग आधी ती रंगव. पोपटी भिंतीसमोर बसून तुला कोणाच्याच चेहऱ्याचा रंग खरा दिसायचा नाही."

कराडच्या रंगवाल्याने करडा रंग देताना दोनदा विचारलं, घरात कोणी वारलंय का म्हणून. आई आठवडाभर त्या खोलीत आली नाही. आता तिथेच बसून लसूण सोलते, म्हणते डोळ्यांना शांत वाटतं.

यूपीएसचंही सांगायचं राहिलं. मी घरच्या इन्व्हर्टरवर भागवणार होतो, तुम्ही प्युअर साइन वेव्हवालाच घ्यायला लावलात. आमच्याकडे पहिल्या वळवाबरोबर वीज जाते. मे महिन्यात एक फिल्म ९४ टक्के रेंडर झालेली असताना गेली. मशीनला पत्ताच लागला नाही. मी अंधारात बसून उरलेले सहा टक्के बघत होतो.

गेल्या महिन्यात त्या शालूवाल्या घरच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. त्यांनी मलाच बोलावलं. फिल्म द्यायला गेलो तेव्हा त्याच टीव्हीवर लावली. त्या बाई आतून मुलीचा शालू घेऊन आल्या, पडद्याशेजारी धरला, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता घडी घालून ठेवला. चहाबरोबर लाडू दोन आले.

दिवाळीनंतर येतोय. नवा कॅमेरा घेतलाय, त्याची फाईल अजून निराळी आहे आणि डिस्कही भरत आलीय. साताऱ्याचे कंदी पेढे आणतो. पेन ड्राइव्ह घेऊनच येतो.

तुमचा,
कराडचा पोपटी भिंतवाला