तो काळ निरागस नव्हताच

अमेरिकेतील सुरुवातीच्या व्यावसायिक बेसबॉलवर बेतलेल्या ऐतिहासिक रहस्यकथांविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. ‘निरागस खेळात लेखकांनी खून घुसडले’ हा त्यातील आक्षेप पटला नाही. नॅशनल लीग ही व्यावसायिक बेसबॉल संघांची स्पर्धा १८७६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सामनेनिश्चितीच्या प्रकरणात लुईव्हिल संघाच्या चार खेळाडूंवर आजन्म बंदी आली. जुलै १९०३ मध्ये वॉशिंग्टनचा नामांकित फलंदाज एड डेलाहंटी याला दारूच्या नशेत धिंगाणा घातल्यामुळे रात्री रेल्वेगाडीतून उतरवण्यात आले. अंधारात तो नायगारा नदीवरील रेल्वेपुलावर चालत गेला. तिथे पहारेकऱ्याशी त्याची झटापट झाली आणि काही दिवसांनी त्याचा मृतदेह धबधब्याखाली सापडला. तोल गेला, उडी मारली की कुणी ढकलले, याचा उलगडा आजही झालेला नाही. (एखाद्या कथाकाराने हे रचले असते, तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते!) आक्षेप घ्यायचाच, तर कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मुख्य लीगबाहेर ठेवणाऱ्या अलिखित बंदीची दखल या कथा कितपत घेतात, हे लेखकाने तपासायला हवे होते.

– एक वाचक, सातारा