त्या अडकलेल्या दाराविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘एलिझियम’ या सिनेमावर तू भरभरून लिहिलंस, ते दोनदा वाचलं आणि काल रात्री सिनेमा पुन्हा लावून बसलो. तुझी मुख्य तक्रार अशी, की कुठलाही आजार मिनिटभरात बरा करणारी यंत्रं वर, एलिझियम नावाच्या अंतराळातल्या वसाहतीत राहणाऱ्या श्रीमंतांच्या घरोघरी पडून आहेत, मग त्यातली चार खाली पृथ्वीवर पाठवायला त्यांचं काय जातं? एवढी साधी गोष्ट लेखकाला सुचू नये, याचा तुला राग आला. तू एकटा नाहीस. हा सिनेमा पाहिलेल्या कुणाशीही बोल, दहा मिनिटांत हाच प्रश्न येतो. मला मात्र ती पटकथेतली चूक वाटत नाही. अख्ख्या सिनेमात तेवढी खरी गोष्ट दुसरी नाही, असंच मला वाटतं, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

पण जिथे तुझं म्हणणं पटतं ते आधी सांगून टाकतो. शेवटचा अर्धा तास फसलाय. सन 2154 मधलं लॉस एंजेलिस, धुळीने माखलेली वस्ती, आभाळात दिवसाढवळ्या दिसणारं ते श्रीमंतांचं चक्र, एवढं सगळं उभं करायचं आणि मग दोन माणसांना लोखंडी सांगाडे चढवून एकमेकांवर सोडायचं! भाडोत्री मारेकरी क्रूगर झालेला शार्ल्टो कोपली अंगावर काटा आणतो हे खरं, पण त्याच्या मागे लागून सिनेमा आपला विषयच विसरतो. जोडी फॉस्टरसारख्या नटीला एलिझियमची संरक्षणमंत्री डेलाकोर्ट हिच्या भूमिकेत करायला काही ठेवलेलंच नाही. नायकाची बालमैत्रीण फ्रे, तिची आजारी मुलगी आपल्याला रडवण्यापुरतीच आहे. आणि संगणकाची एक आज्ञा बदलली की पृथ्वीवरची सगळी माणसं एका क्षणात एलिझियमची नागरिक होतात, हा शेवट मलाही सोपा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, हे दाखवायची हिंमत कुणी केली नाही. दिग्दर्शक नील ब्लोमकँपने स्वतःच पुढे काही वर्षांनी कबूल केलं, की पटकथा हवी तितकी पक्की नव्हती. त्याच्याच 2009 च्या ‘डिस्ट्रिक्ट 9’ला सुमारे 3 कोटी डॉलर लागले होते आणि त्याला ऑस्करची 4 नामांकनं मिळाली. ‘एलिझियम’ला त्याच्या जवळजवळ चौपट पैसे मिळाले, आणि ते बहुतेक हाणामारीत गेल्यासारखे दिसतात.

नायक झालेल्या मॅट डेमनबद्दलचा तुझा आक्षेपही मला रास्त वाटतो. नायक मॅक्सचं आडनाव दा कोस्टा, आजूबाजूला सगळे स्पॅनिश बोलणारे, मित्राच्या भूमिकेत डिएगो लूना, माणसं वर पोचवणाऱ्या स्पायडरच्या भूमिकेत वॅग्नर मौरा. आणि त्या सगळ्यांना सोडवणारा कोण, तर हॉलिवूडचा गोरा तारा. ब्राझीलचा मौरा जेव्हा जेव्हा पडद्यावर येतो तेव्हा सिनेमा जागा होतो. गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली असती तर?

आता तुझ्या त्या वर्तुळाकार वसाहतीच्या शंकेबद्दल. अशा वसाहतीचा आराखडा 1975 मध्ये नासा आणि स्टॅनफर्डच्या अभ्यासगटाने खरोखर मांडला होता. साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं कडं, मिनिटाला एक फेरी, आत 10,000 माणसं. पण ती बंद नळी होती. सिनेमातलं कडं वरून उघडं आहे, आणि नुसत्या फिरण्याने तेवढ्याशा भिंतींच्या आत हवा टिकणार नाही, हे तू म्हणतोस ते बरोबरच आहे. तरी मला ते उघडेपण आवडलं. वर छप्पर नाही, यान थेट हिरवळीवर उतरू शकतं. तिथे जायला वाट आहे, पण वाटेवरची यानं पाडली जातात. तीन यानं निघतात, दोन पाडली जातात, तिसरं उतरतं आणि एक आई आपल्या पांगळ्या मुलीला उचलून दिसेल त्या घरात धावते. मुलीच्या हातावर खोटी ओळख डागलेली असते. यंत्र ती ओळख वाचतं, मुलीला बरं करतं. खोट्या नावाने का होईना, मुलगी नागरिक ठरली आणि काम झालं. यंत्राला तेवढंच कळतं.

इथेच तुझ्या प्रश्नाकडे येतो. ‘त्यांचं काय जातं?’ असं तू विचारतोस. ब्लोमकँप जोहान्सबर्गमध्ये जन्मला आणि अठराव्या वर्षी कॅनडात गेला, हे लक्षात घे. त्याच्या मायदेशात काय झालं ते आठव. एचआयव्हीवरची एकत्रित औषधं 1996 च्या सुमारास आली आणि श्रीमंत देशांत मरणारी माणसं उठून कामाला जाऊ लागली. एका माणसाचा वर्षाचा खर्च 10,000 डॉलरच्या वर होता. ज्या आफ्रिकेत रोगी सर्वांत जास्त, तिथे ती औषधं जवळजवळ नव्हतीच. दक्षिण आफ्रिकेने 1997 मध्ये स्वस्त औषधं आणता येतील असा कायदा केला, तर 39 औषध कंपन्या त्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधं आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. एप्रिल 2001 मध्ये जगभरातून टीकेचा भडिमार झाल्यावर त्या 39 कंपन्यांनी दावा मागे घेतला. त्या मधल्या वर्षांत किती माणसं गेली असतील! औषध होतं, बनवायचं कसं ते माहीत होतं, आणि ते इतक्या कमी पैशांत बनू शकत होतं. मग द्यायला त्यांचं काय जात होतं? तुझा प्रश्न तोच आहे. तू तो पटकथेला विचारतोस, एवढंच.

म्हणून कुणी ‘एवढे दुष्ट कोण असतं’ म्हणालं की मला राहवत नाही. एलिझियमवरचे बहुतेक लोक दुष्ट नाहीतच. ते फ्रेंच बोलतात, पोहतात, मुलांचे वाढदिवस करतात. त्यांचा राष्ट्राध्यक्ष, आडनाव पटेल, तो तर डेलाकोर्टला यानं पाडल्याबद्दल झापतो. झापतो, आणि पुढे काही करत नाही. तिच्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता कारखान्यातला तो प्रसंग. त्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून मुद्दाम आठवण देतो. मॅक्स त्याच कारखान्यात कामाला आहे जिथे यंत्रमानव बनतात. सकाळी बसच्या रांगेत ज्यांनी त्याचा हात मोडला, तसलेच यंत्रमानव. प्लास्टरचा हात घेऊन तो कामावर येतो. किरणोत्सर्गाच्या खोलीचं दार माल अडकल्याने बंद होत नाहीये. मुकादम सांगतो, आत जा आणि सोडव, नाहीतर दुसरा कुणी जाईल आणि तुझी नोकरी जाईल. मॅक्स क्षणभर दाराकडे बघतो. त्याला माहीत आहे. मग आत वाकतो, माल ढकलतो, आणि दार त्याच्या मागे बंद होतं.

पुढचा प्रसंग तर मी थांबवून थांबवून पाहिला. तो निपचित पडलेला, शेजारी औषध देणारं यंत्र. अतिशय सभ्य आवाजात ते सांगतं की पाच दिवसांत तुझा मृत्यू होईल, तोवर या गोळ्या तुला चालतं-फिरतं ठेवतील, आणि गोळ्या मिळाल्याची सही कर. कारखान्याचा मालक खाली बघतो आणि त्याला काळजी एवढीच, की या माणसामुळे चादर बदलावी लागेल, म्हणून याला बाहेर काढा.

तुला बाबांच्या आजारपणातली ती रात्र आठवत असेल. तू होतास बरोबर. काचेपलीकडे यंत्र रिकामं होतं, दिवा चालू होता, आणि आपण इकडे कागद भरत होतो. काउंटरवरची मुलगी अजिबात उद्धट नव्हती. हळू आवाजात म्हणाली, ‘इथे एक सही राहिली.’ त्या सहीच्या आधी तिला काही करता येत नव्हतं. पाऊण तास गेला. बाबा त्यातून उठले, म्हणून तो पाऊण तास आपण पुन्हा कधी काढला नाही. काल ते यंत्र सही मागायला लागलं तेव्हा मी सिनेमा बंद केला आणि पाणी प्यायला उठलो.

मॅक्स स्वार्थी आहे, त्याला क्रांतीचं काही पडलेलं नाही, ही तुझी दुसरी तक्रार. मला तो तसाच हवा. त्याला फक्त जगायचंय. फ्रे मुलीसाठी हात जोडते तेव्हा तो सरळ नाही म्हणतो आणि निघून जातो. पाच दिवस उरलेला माणूस असाच वागेल. मी तरी वेगळा वागलो असतो असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. उलट भाषणं ठोकणारा नायक असता तर मला एक शब्दही खरा वाटला नसता.

सिनेमा ऑगस्ट 2013 मध्ये आला तेव्हा अमेरिकेत स्थलांतरितांचा कायदा आणि आरोग्यविमा यांवरून रणं माजली होती, त्यामुळे तिथल्या कित्येकांनी त्याला थेट राजकीय प्रचार म्हणून झोडपलं. दुसऱ्या बाजूच्या लोकांना तो फारच मवाळ वाटला. दोघांनीही त्यात 2154 पाहिलंच नाही, आणि ते ठीकच झालं. पृथ्वीवरचे बरेच प्रसंग मेक्सिको सिटीच्या एका प्रचंड कचरा डेपोवर चित्रित झालेत. ती धूळ, ते ढिगारे कलादिग्दर्शकाने उभे केलेले नाहीत. एलिझियमच्या काही प्रसंगांसाठी कॅनडातलं व्हँकुव्हर वापरलं. दोन्ही जागा आजच्या आहेत, विमानाने एका दिवसात दोन्हीकडे जाता येतं.

एक विनंती आहे. पुन्हा बघ, पण पहिली चाळीसच मिनिटं, आणि हाणामारी सुरू झाली की बंद कर. सुरुवातीला अनाथाश्रमातली ती नन लहान मॅक्सला एक लॉकेट देते, ते नीट बघ. पोरगा दिवसभर वर एलिझियमकडे बघत असतो. लॉकेट उघडतो तर आत फोटो पृथ्वीचा, वरून दिसते तशी, निळी आणि स्वच्छ. तिथून बघितलं तर आपण किती सुंदर दिसतो, असं ती त्याला सांगते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हे मायेचं बोलणं वाटलं होतं. काल मात्र भीती वाटली, कारण तिथून फक्त तेवढंच दिसतं. तुला काय वाटलं ते कळव.

बाबा तुझी चौकशी करत होते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र