तिसरा दिवस तुझा

चि. पिल्लूस,

(हा कागद तुझ्या वहीत घालून ठेवतेय. मित्रांच्या हाती लागला तर तुझं तू बघ.)

अनेक आशीर्वाद. शेजारच्याच खोलीत असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण गेले आठ दिवस सहलीचा विषय काढला की तू "बघू" म्हणतोस, मी चिडते, बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि विषय तिथेच बारगळतो. तिकिटं निघाली आहेत, राहायची जागा ठरली आहे, शहरात आपल्याला चार दिवस मिळणार आहेत. कागदावर निदान तुला मधेच उठून जाता येत नाही आणि मला आवाज चढवता येत नाही.

मागच्या सहलीतला तो चौक आठवतो? मेट्रोतून वर आलो, फोन माझ्या हातात, आणि नकाशावरचा निळा ठिपका कधी रस्त्याच्या या बाजूला तर कधी त्या बाजूला उड्या मारत होता. हिरव्या पाटीचं ते औषधांचं दुकान आपल्याला तीनदा लागलं. आजी पायरीवर बसली, चिनूने भोकाड पसरलं. तू खिशात हात घालून उभा. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आता काय करायचं?" तर तू शांतपणे म्हणालास, "मागे वळून दुसरा उजवा रस्ता. मघाशीच पाटी दिसली होती." मग बोलला का नाहीस, तर म्हणे, "तू विचारलंस कुठे?"

तेव्हा मी काय काय बोलले ते इथे पुन्हा लिहीत नाही. पण घरी आल्यावर आठवून बघितलं, आणि खरंच, त्या पाच दिवसांत मी तुला काहीही विचारलं नव्हतं. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, चालत की बसने, काहीच नाही. माझा तो रंगीत तक्ता तयार होता आणि त्यात तुम्ही होतात: बॅगा सहा, मुलं दोन. तो ठिपका उड्या का मारतो, हेही मला नंतर तूच समजावून सांगितलंस. उपग्रहांचे सिग्नल उंच इमारतींवर आपटून फिरून येतात, म्हणून फोनचा अंदाज चुकतो. हे माहीत असलेला माणूस मागे उभा होता आणि फोन होता माझ्याकडे.

तर या वेळी तिसरा दिवस तुझा. निघण्यापासून परत येईपर्यंत सगळा. मी तक्ता करणार नाही. कुठे जायचं, कसं जायचं, कुठे जेवायचं, किती वेळ थांबायचं, सगळं तू ठरवायचं. पैशाचं पाकीट सकाळी तुझ्या हातात देणार. उरतील ते तुझे, असं ठेवणार होते, पण मग तू आम्हाला दिवसभर पायी हिंडवून उपाशीच परत आणशील. तेव्हा उरलेले परत.

दिवस फसला तर? फसू दे. जागा कंटाळवाणी निघाली तर मी तोंड वाकडं करणार नाही. (बाबांची खात्री देत नाही.)

उरलेल्या दिवसांचंही थोडं बोलायला हवं. सकाळी साडेसहाला तुझं पांघरूण ओढायचं आणि मग तो फुगलेला चेहरा घेऊन दिवसभर हिंडायचं, हे मी सोडून देतेय. या वयात शरीरातलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं आणि झोप मात्र आठ ते दहा तास लागते. म्हणजे तुला 'आळशी' म्हटलं त्यातलं निम्मं मी मागे घेते. निम्मंच. दोन वाजेपर्यंत फोन बघत बसतोस त्याला मेलाटोनिन काय करणार? सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा मी आणि आजी आमच्या जागा बघून घेऊ. तू, बाबा आणि चिनू अकराला आम्हाला येऊन मिळा. अकरा म्हणजे अकरा.

संग्रहालयात मागच्या वेळी तिसऱ्या दालनानंतर तू बाकावर बसलास ते उठलाच नाहीस, आणि मी तुला सगळ्यांसमोर बोलले. परवा कळलं की या शिणवट्यावर शंभर वर्षांपूर्वी लेख लिहिला गेलाय. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली लिहिला. एका माणसाला मांडलेल्या वस्तू नीट बघायला सांगितल्या आणि त्याचे फोटो काढले. कुठे तो कमरेत वाकलाय, कुठे खालच्या फळीवरचं बघायला उकिडवा बसलाय, कुठे मान ताणतोय. गिलमनचं म्हणणं असं की यात बघणाऱ्याचा दोष नाही, वस्तू मांडल्याच आहेत कंबर मोडेल अशा. तेव्हा या वेळी एकच संग्रहालय, दीड तास. दोन दालनं तू निवड, एक मी. बाकीचं राहिलं तर राहिलं. मला जरा जड जाईल, पण जमवते.

तुझ्या दिवसासाठी काही गोष्टी मात्र आधी बघून घे. मी या ठेचा खाऊन शिकलेय. जागा त्या दिवशी उघडी आहे ना? पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. आणि बंद होण्याची वेळ वेगळी, शेवटच्या प्रवेशाची वेगळी. बाबा आणि मी एकदा दार बंद व्हायला अर्धा तास असताना पोचलो होतो आणि पहारेकऱ्याने हसून हात हलवला. आम्हीही हात हलवला. आत मात्र जाता आलं नाही.

मेट्रोच्या भिंतीवरच्या नकाशावरून अंतर मोजू नकोस. तो मोजून काढलेला नसतोच. लंडनच्या हॅरी बेकने १९३१ मध्ये तिथल्या मेट्रोचा असा नकाशा काढला. तो विजेच्या सर्किटांचे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन होता, त्यामुळे रेषा सरळ, वळणं ठरावीक कोनांत आणि स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर. जमिनीखालच्या माणसाला पुढे कोणतं स्टेशन येणार एवढंच हवं असतं, असा त्याचा हिशेब. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि पुढे जगभर त्याच धर्तीचे नकाशे निघाले. पण त्यापायी फसगतही होते. तिथली लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशनं एकमेकांपासून तीनशे मीटरही लांब नाहीत. नकाशात मात्र बाकीच्यांसारखीच नीट अंतर राखून बसलेली. तेव्हा खरा रस्त्यांचा नकाशा शेजारी ठेवून बघ. मुख्य म्हणजे आजी बरोबर आहे. गाडी बदलायची तर आत किती जिने आहेत आणि लिफ्ट कुठे आहे, ते आधी शोधून ठेव. तिचे गुडघे दिवसाला दोन मोठे जिने चालवून घेतात, तिसऱ्याला ती काही बोलत नाही, फक्त कठडा घट्ट धरते. तिचा हात बघत जा.

चुकामूक झाली तर काय, हे आत्ताच ठरवून टाकू. गाडीचं दार लागलं आणि कोणी आत, कोणी बाहेर राहिलं, तर आतल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. बाहेरच्याने जागचं न हलता पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघांनी एकमेकांना शोधत फिरायचं नाही. चिनूकडून हे पाठ करून घे, तुझं ऐकते ती. राहायच्या जागेचा पत्ता पाचही जणांच्या खिशात कागदावर लिहिलेला असेल, आणि शहराचा नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेव. नेट नसलं तरी ठिपका दिसतो, पण खाली नकाशाच नसेल तर त्या ठिपक्याचं काय करणार?

दुपारी तासभर तू एकटा फिरायचं म्हणतोस. बाबा हो म्हणाले. मी रात्रभर विचार केला आणि मीही हो म्हणतेय. उजेडात, ठरलेल्या तीन-चार गल्ल्यांत, ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारापाशी. मी पंधरा मिनिटं आधीच तिथे येऊन उभी राहीन, पण तुझ्याकडे बघणार नाही.

रविवारपर्यंत तुझ्या तीन जागा कागदावर लिहून फ्रीजवर लाव. त्याआधी एकदा आजीजवळ बस. तिला त्या शहरात काहीतरी बघायचं आहे, बरेच दिवस मनात आहे तिच्या. मी दोनदा विचारलं, तर "तुम्ही ठरवाल ते" म्हणाली. तुला सांगेल.

तुझी,
आई

ता. क. फोन हरवला किंवा बंद पडला तर माझा नंबर पाठ आहे ना? मग सांग, शेवटून तिसरा आकडा कोणता. फोन न बघता.