ज्वारीचा भाव

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि अप्पा,

'तीर्थरूप' लिहिलं की अप्पांना वाटतं काहीतरी मागायचंय. मागायचं आहेच, पण ते शेवटी.

सकाळी फोनवर नीट बोलणं झालं नाही. अप्पा, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणालात आणि खरंच ठेवलात. आई मागून "जेवलीस का" विचारत होती, तिला उत्तर द्यायचं राहिलं. जेवले. वरण-भात, शेंगाचटणी, वर दही. चटणीचा डबा अजून अर्धा आहे, नवीन पाठवू नका.

आधी एक सांगून टाकते म्हणजे अप्पांचा जीव भांड्यात पडेल. नोकरी सोडलेली नाही. माझ्या पुस्तकाची किंमत ३५० रुपये, मला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ३५. पाचशे प्रतींची आवृत्ती सात महिन्यांत संपली, त्याचे साडेसतरा हजार. तुम्ही वहीत मांडून बघणारच, म्हणून मीच मांडले. चार वर्षांच्या कामाचे साडेसतरा हजार. गिरणीच्या हिशेबखात्यात ही नोंद लाल शाईत गेली असती.

आता मुद्द्याचं. पेपरातलं परीक्षण वाचून, दुसऱ्या आवृत्तीतून ते प्रकरण, आई बोलत नव्हती त्या दिवसांचं, काढ, म्हणालात. मी काढलेलं नाही. फाइल शुक्रवारीच छापखान्यात गेली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग तुमचा शब्द मोडून पाठवावी लागली असती. त्यापेक्षा न विचारता पाठवलेली बरी, असं शुक्रवारी वाटलं. आज तेवढं बरं वाटत नाही.

अप्पा, तुम्ही परीक्षण वाचलंत. पुस्तक वाचलेलं नाही. रागावू नका, मे महिन्यात दिलेली प्रत अजून टीव्हीखालच्या कप्प्यात प्लास्टिकमध्येच आहे, दिवाळीत मी पाहिली. शेजारचे गृहस्थ सकाळी पेढे मागायला आले, तेच पेपर घेऊन आले, असं आईनं सांगितलं. त्यात मधोमध चौकट टाकलीय: अकरा महिन्यांचा अबोला. ठळक अक्षरांत. चौकट पेपरवाल्यांची आहे, माझी नाही. माझ्या पुस्तकात 'अबोला' हा शब्द एकदाही आलेला नाही. घरात तरी आपण कधी वापरला तो? "आईचं डोकं दुखतंय" एवढंच म्हणायचो.

त्या परीक्षण लिहिणाऱ्या बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी मनापासून कौतुक केलंय. मराठीत प्रेम दाखवायचं म्हटलं की पाऊस येतो, पत्र येतं, गजरा येतो. इथे एक माणूस गिरणीतून येऊन हातपाय धुतो, ओट्यापाशी उभा राहतो आणि न बोलणाऱ्या बायकोला सकाळचा पेपर बाजारभावापर्यंत वाचून दाखवतो, आणि ती भाकरी थापत राहते. याहून मोठा प्रेमप्रसंग अलीकडे वाचला नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पाचएक मिनिटं. मग वाटलं, अरे, हे तर माझं कौतुकच नाही. मी नुसती भिंतीला टेकून गृहपाठ करत होते. वाचत तुम्ही होतात, थापत ती होती.

बाकीचंही तसंच आहे. एका त्रैमासिकात आठ पानं आलीत. लिहिणारे सर थेट १८५७ च्या 'यमुनापर्यटन' कादंबरीपासून सुरुवात करतात. मराठी कादंबरी जन्मली तीच विधवेचं दुःख घेऊन, तेव्हापासून ती लग्नाच्या दारातून हललेली नाही, वगैरे. अप्पा, तुम्हाला ते आवडेल, तळटिपा भरपूर आहेत. पुढे ते पहिल्या प्रकरणावर येतात, गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांवर मन जडलं, ते योगी, म्हणून तिचं लग्न योगदंडाशी लागलं, ही कथा मी ज्या तऱ्हेनं उलटवली तिला त्यांनी 'मिथकाची धीट पुनर्मांडणी' म्हटलंय. आई, आठवतं का तुला? संमती कट्ट्यापाशी त्या गर्दीत मी तुझ्या कडेवर होते, नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या, सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या, "दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम" झालं, अक्षता पडल्या, आणि तू पदरातले तांदूळ झटकत शेजारच्या बाईला म्हणालीस, "बरंय की तिचं. दंडाशी लागलं. दंड जामीन राहत नाही कुणाला." माझी धीट पुनर्मांडणी ती एवढीच. मी फक्त जामिनाचा शब्द काढून टाकला, म्हणजे आपल्या काकांना लागू नये.

आणि भाषा! सगळ्यांना 'सोलापुरी गोडवा' दिसलाय. त्याची गंमत सांगते. मुद्रितशोधकांनी पहिल्या प्रुफात एकूण एक 'येऊ लागलाय' खोडून 'येतोय' केलं होतं. 'ती जेवू लागलीय' याचा अर्थ त्यांनी लावला की आजारातून उठून जेवायला लागली! मी सगळं परत पहिल्यासारखं करून घेतलं, दोन दिवस भांडून. आई रागावली की भाकऱ्या कन्नडमध्ये मोजते, तेही त्यांना मराठीत हवं होतं. मराठीत मोजली तर राग कसा कळणार? शेवटी तुमच्यासमोर कबूल करते, 'निवेदनातला संयम' म्हणून ज्याची तीन ठिकाणी स्तुती झालीय तो संयम नाही, भीती आहे. प्रत्येक वाक्य लिहिताना अप्पा चष्मा कपाळावर सरकवून वाचताहेत असं दिसायचं. म्हणून वाक्यं आखूड झाली.

एक टीकाही आलीय, ती मुद्दाम सांगते. एका तरुण समीक्षकाचं म्हणणं की नवऱ्याचं पात्र लेखिकेनं फारच जपलंय, त्याला पुरेसं जबाबदार धरलेलं नाही. अप्पा, बाकी सगळी कात्रणं मी फाइलला लावली, हे एकच पाकिटात ठेवलंय. तो मुलगा कदाचित बरोबरच असेल, साहित्य म्हणून. पण नाही धरलं जबाबदार. धरणारही नाही.

लोकांना कळलं का, हाच तुमचा घोर असेल. घरात तिघं-चौघं सोडली तर कुणाला कळण्यासारखं नाही. पुस्तकातला माणूस पोस्टात आहे, बायको मंगळवेढ्याची आहे, घर बाळीवेशीत आहे, मुलगा आहे, मुलगी नाहीच. प्लॉट नाही. काका नाहीत. आणि पाटल्यांचं मी कुठेही लिहिलेलं नाही, आई. एक ओळसुद्धा नाही. ते तुझं आहे, तुझ्याकडेच राहील.

मावशीला सांग, "स्वतः लग्न न करता लग्नावर काय लिहायचं" हा प्रश्न मला प्रकाशनाच्या दिवशी माईकवरूनही विचारला गेला. मी म्हटलं, शेजारच्या खोलीतून जास्त ऐकू येतं. लोक हसले. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत असतात तर असं बोलले नसते.

अप्पा, हे सगळं तुम्हीच लावलंत ना मला? आजोबा १९४१ च्या सोलापूरच्या संमेलनात खांडेकरांना पाहिल्याचं सांगायचे, आणि २००६ ला संमेलन परत आपल्या गावात आलं तेव्हा तुम्ही अर्धी रजा टाकून मला घेऊन गेलात. अध्यक्ष मारुती चितमपल्ली, आपल्याच गावचे, म्हणून तुमची मान अशी ताठ जशी काय तुम्हीच निवडून आलात. पुस्तकांच्या स्टॉलवर तुम्ही म्हणालात, तीन घे. मी पाच घेतली. येताना रिक्षाचे पैसे उरले नाहीत, पार्क चौकातून चालत आलो, पिशवी तुम्ही धरलीत आणि घरी आल्यावर आईला सांगितलंत की स्टॉलवर सूट होती. सूट नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं.

आणि खोटं बोलता येतं तुम्हाला, म्हणूनच एक विचारायचंय. मी चौथीत होते. तुम्ही रोजच्यासारखं वाचत होतात, कांदा, तूर, मग ज्वारी मालदांडी, आणि तुम्ही भाव चुकीचा वाचलात. आई भाकरी उलटता उलटता म्हणाली, "तो कालचाय." तव्याकडे बघतच. तुम्ही म्हणालात, "हो का?" आणि पुढचा भाव वाचलात. बस. अकरा महिने त्या दोन शब्दांनी संपले, आणि मी गृहपाठाच्या वहीत पेन्सिल मोडली. पुस्तकात मी लिहिलंय की त्यानं मुद्दाम चुकीचा वाचला. समीक्षकांना ते 'मुद्दाम' फार आवडलंय, कळसाध्याय वगैरे म्हणताहेत. खरं काय ते मला माहीत नाही. मला सांगू नका. सांगायचं तर आईला सांगा.

आता ऐका, दोघंही.

पाणी चार-पाच दिवसांआड येतंय म्हणून अप्पांनी शिडी लावून टाकीत डोकावायचं नाही. वॉचमनच्या मुलाशी बोलले आहे, तो पाणी आलं की वर बघून सांगेल, त्याला पैसे मी देते, तुम्ही घासाघीस करू नका. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, जेवताना आठवली म्हणून घेतली असं चालणार नाही. शेंगापोळी एक. दीड म्हणजे दोनच असतात, मला माहीत आहे. आई, डोळ्यातले थेंब दिवसातून चार वेळा, बाटल्या दोन वेगळ्या आहेत, लाल झाकणाची आधी, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ देत. फोडणी दुसऱ्या कुणाला देऊ दे, निदान महिनाभर. काळा चष्मा घालून ओट्याशी उभं राहायला लाज कसली? तू झकास दिसतेस त्यात, दिवाळीच्या फोटोत बघ.

यंदा गड्ड्याला गर्दीत जायचं नाही. अडुसष्ट लिंगांच्या फेरीला अप्पा आजवर चालत गेले असतील, गुडघ्याला ते माहीत नाही. अक्षता टीव्हीवर बघू, तिघं मिळून, तांदूळ हातात घेऊन. मी भोगीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येते, रात्री दहाला पोचते. स्टेशनवर येऊ नका. खरंच येऊ नका, अप्पा, थंडी असते. मफलर घालून आलात तरी मी बोलणार नाही. (बोलेन.) चादर काढून ठेवू नका, मागच्या वर्षी दिलेल्या दोन अजून घडीत आहेत.

जानेवारीत सोलापुरात वाचन ठेवायचं चाललंय. मी हो म्हटलंय, पण ते प्रकरण तिथे वाचणार नाही. आपल्या गावात नाही. दुसरं एखादं वाचेन, टांगेवाल्याचं, त्यात सगळे हसतात. तुम्हाला यायचं नसेल तर मला काहीही वाटणार नाही. थोडं वाटेल.

आणि आता ते मागायचंय. या पत्राबरोबर कुरिअरनं एक जाड पुडकं येईल. पुस्तकच आहे, पण मोठ्या अक्षरांत छापून स्पायरल करून घेतलंय. हे असं अजून कुणाकडेही नाही, परीक्षणवाल्यांकडेसुद्धा. अक्षर एवढं मोठं आहे की अप्पांना चष्म्याचा नंबर वाढलाय हे कबूल न करता वाचता येईल. आईच्या डोळ्याला आणखी तीन आठवडे ताण द्यायचा नाही, म्हणजे तिला स्वतः वाचता येणार नाही. वाचून दाखवावं लागेल.

रोज दोन-चार पानं पुरेत. ओट्यापाशी उभं राहून नको, खुर्ची घ्या. आई मधे काही बोलली तर थांबा, ती चुका काढेल, त्या पेन्सिलीनं समासात लिहून ठेवा, तिसरी आवृत्ती निघाली तर बघू. त्या प्रकरणाशी आलात आणि वाचवेना, तर पुढची सोळा पानं सोडून द्या, मी तिथे कागदाची खूण घातलीय. आणि वाचलंत तर बाजारभाव आल्यावर घाई करू नका.

तुमची,
बेबी

ता. क. गॅसच्या नळीवरची तारीख बघून कळवा. आई म्हणेल नवीनच आहे. ती माझ्या बारावीला बदललेली.