शुक्रवारच्या पाठाआधी

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मुग्धा,

अनेक आशीर्वाद.

तू फोन आपटून ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. नीलामावशी रोज सांगते, जेवते व्यवस्थित, रात्री अकरापर्यंत टाचण लिहीत बसते. मी तिला एकच विचारते, आवाज कसा आहे? काल ती म्हणाली, "ताई, तूच विचार ना." विचारायचा धीर होत नाही म्हणून लिहायला बसले.

आधी माझी चूक. बुधवारी मी तुझ्या शाळेत यायला नको होतं. चष्मा तू घरी विसरलीस हे खरं, पण तो मावशीकडे पोचवता आला असता. आलेच होते तर शिपाईमामांच्या हातात देऊन परतायचं. ते सोडून मी सरांना गाठलं आणि म्हणाले, हिला सलग 3 तास देऊ नका, घसा नाजूक आहे. तू फोनवर म्हणालीस, "आई, मी छात्राध्यापिका आहे, बालवाडीत नाही." सहा आठवडे खपून त्या शिक्षकखोलीत तू स्वतःची जागा केलीस आणि मी पाच मिनिटांत तुला पुन्हा कुणाची तरी मुलगी करून टाकलं. बस मिळून घरी पोचेपर्यंत मला ते उमगलंसुद्धा नाही. माफ कर.

पण सरांकडे जायच्या आधी दहा मिनिटं मी पाचवी ब च्या बाहेर जिन्यापाशी उभी होते, हे तुला ठाऊक नाही. तू भूप रागाची सरगम घेत होतीस. 60 च्या आसपास मुलं, त्यातली दोन मागे पट्टीनं बाक वाजवत होती. भूपात मध्यम नाही, ग वरून थेट प वर, म्हणजे गंधारावरून पंचमावर जायचं आणि सगळा वर्ग दर वेळी मधेच मध्यमावर टेकत होता. तू ओरडली नाहीस. पुन्हा गाऊनही दाखवलं नाहीस. हात छातीपाशी धरलास, तिथे गंधार. मग तो एकदम कपाळापर्यंत नेलास आणि थांबलीस. मुलं त्या हाताकडे बघत गायली. निम्म्यांना पंचम सापडला. तू फक्त मान डोलावलीस. तिसऱ्या खेपेला ते पट्टीवाले दोघेही गात होते. मी पदर तोंडाला लावून उभी होते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं गं. तू कुठे शिकलीस?

मग मधल्या रांगेत काहीतरी सांडलं, हशा झाला आणि तू "शांत बसा" म्हणून ओरडलीस. पुढचा षड्ज, सा, लावलास तो चिरकला. तो आवाज मी ओळखते. म्हणून मी सरांकडे गेले.

घशाबद्दल अवाक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. ते जमलेलं नाही, तर आता पुरतंच लिहिते.

गेल्या महिन्यात तुझ्या निरीक्षण वहीत लाल शाईत शेरा आला ना, "वर्गनियंत्रणात सुधारणा हवी"? तू हसत सांगितलंस, पण त्या दिवसापासून तुझा आवाज चढलाय. माझ्या सराव पाठांना आमच्या मेथडच्या, शिकवण्याची पद्धत शिकवणाऱ्या, बाई शेवटच्या बाकावर बसायच्या. पहिल्याच पाठाला त्यांनी लिहिलं, "आवाज मागपर्यंत पोहोचत नाही. मोठ्याने बोलावे." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, खरंच पोचत नव्हता. पण मोठ्यानं म्हणजे घसा ताणून नव्हे, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. मी ते वाक्य 11 वर्षं पाळलं. सकाळी पटांगणात प्रार्थना, माइक बहुतेक बंद. पेटीचा सा काळी एकवर, कारण आधीच्या सरांची ती पट्टी आणि मुलांना तीच सवय. माझ्या गळ्याची पट्टी काळी चार. खाली गायले तर कुणाला ऐकू जाईना, म्हणून रोज वरच्या सप्तकात ओढून गायचे. मग दिवसभर तास. मग स्नेहसंमेलन, समूहगान स्पर्धा, पंधरा ऑगस्ट. संध्याकाळी घसा बसायचा, सकाळी थोडा सुटायचा. शिक्षकाचा घसा बसायचाच, असं स्टाफरूममध्ये सगळेच म्हणायचे.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. म्हणाले, कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे हे. शस्त्रक्रिया नको, आधी मौन आणि मग आवाजाचे व्यायाम. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानंही घशावर ताण येतो.

तू दुसरीत होतीस. ती पाटी आठवते? लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. मी त्यावर लिहायचे आणि तू अक्षर अक्षर लावून वाचायचीस. "दू ध उ तू जा ई ल." दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, पोस्टमनला तूच उत्तरं द्यायचीस. "आईचा आवाज दवाखान्यात आहे," असं तू पम्याला सांगितलंस, त्यानं ते सगळ्या वाड्यात केलं. एका रात्री तू पाटीवर लिहिलंस, "आई तू रागवली का". मी मान हलवली, नाही. तुला पटलं नाही. तू पुन्हा तेच गिरवलंस, जास्त दाबून. त्या रात्री मौन मोडून तुझ्या कानात बोलावंसं इतकं वाटलं होतं! नाही बोलले.

बोलण्याचा आवाज परत आला. तार सप्तक आलं नाही. मी अप्पांसमोर पुन्हा कधी गायला बसले नाही.

तू गाण्यात विशारद झालीस तेव्हा सगळ्यांनी मैफलींचं मनावर घे म्हटलं. तू बी.एड.चा अर्ज आणलास. मी काही बोलले नाही, ते तुला कौतुक न वाटल्यासारखं दिसलं असेल. अप्पा असते तर पेढे वाटले असते. ते नेहमी सांगायचे, विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे उपदेशक वर्ग मुद्दाम ठेवला होता, गाणं शिकवणारी माणसं तयार करायला. त्यांच्या शिष्यानं, विनायकबुवा पटवर्धनांनी, 1932 मध्ये पुण्यात विद्यालय सुरू केलं म्हणून पेठेतल्या कारकुनाच्या पोरालाही गाणं मिळालं, असं म्हणताना अप्पांचा आवाज भरून यायचा. ते पोर म्हणजे ते स्वतः. शिकवणं ही निराळी विद्या आहे, असं ते मानायचे. बुधवारी जिन्यापाशी मला ते पहिल्यांदा पटलं.

आता दोन गोष्टी सांगते, रागावू नकोस. मुलं गात असताना तू गाऊ नकोस. ओळ दे आणि गप्प राहा. त्यांच्याबरोबर गायलीस की तुझा आवाज त्यांच्या वर काढावा लागतो, शिवाय कोण बेसूर जातंय ते तुला ऐकू येत नाही. पेटी वर्गाकडे तिरपी ठेव, भात्याआड मान घालून बसलं की मागचे बाक सुटतात आणि मग ओरडावं लागतं. गप्प करायला टाळीचा ठेका धर, चार मात्रा, मुलं उचलतात. आणि आठवी अ मधली ती मुलं गात नाहीत म्हणून त्यांना उभं करू नकोस. त्यांचे आवाज फुटतायत, कालपर्यंत लागणारा स्वर आज लागत नाही, त्यांना लाज वाटते. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ दे, नाहीतर महिनाभर हातात डफ दे. पाण्याची बाटली टेबलावरच असू दे, पिशवीत नको. आणि पट्टी! सरांची पट्टी काळी एक असेल, तुझी नाही. त्यांना विचार, तुझ्या तासाला बदलता येईल का. विचारण्यात कमीपणा नाही. माझ्यासारखी 11 वर्षं

पाहा, पुन्हा तिथेच आले. दोन म्हणून किती सांगितलं. यातलं बरंचसं तुझ्या टाचणात आधीच असेल, आणि हाताची ती खूण तर मीच तुझ्याकडून घ्यावी अशी आहे. तुझ्या 16 आठवड्यांतले 10 अजून उरलेत. ते तुझे आहेत, तुझ्या मार्गदर्शकांचे आहेत. मी शाळेच्या फाटकाशीही येणार नाही. सरांना मी चार ओळींची चिठ्ठी लिहिली होती माफीची, पण ती पाठवली नाही. तीही तुला विचारूनच पाठवीन.

पण मुग्धा, आवाज सलग दोन आठवडे बसलेला राहिला तर डॉक्टरांना दाखवायचं. तेवढं माझ्यासाठी कर. एखादा पाठ पुढे ढकलता येतो.

मावशीच्या हाती डबा पाठवते आहे. वरच्या पुड्यात मेथीचे ठेपले, खाली गुळपोळी, बाजूच्या पुडीत ज्येष्ठमध. चष्म्याची काडी सैल झाली होती ती घट्ट करून घेतली आहे.

शुक्रवारी कॉलेजच्या मॅडम निरीक्षणाला येणार ना, आठवीवर? पाठ संपल्यावर मला फोन करू नकोस, घसा थकलेला असेल. नुसतं "झाला" एवढं लिहून पाठव.

तुझी,
आई