त्यात करंट नसतो, आई

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर टाचेचा विषय काढला की आई लगेच "तू जेवलीस का?"वर येते, म्हणून हे पत्र. बाबा, मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आई, दिवाळीत मी पाहिलंय. पहाटे पलंगावरून उतरलीस की पहिली चार पावलं भिंत धरून, चवड्यावर. मग ओट्याशी पोचल्यावर, "झाला मोकळा पाय." वर्ष झालं याला. आंबेहळदीचा लेप झाला, विटेचा शेक झाला. आणि डॉक्टरांनी शॉकवेव्ह, म्हणजे धक्क्याच्या लाटांचा उपचार, सुचवल्यावर "मला नको तो करंट" म्हणून तू घरी आलीस!

करंट नसतो गं त्यात. बाबांचा मुतखडा बाहेरून लाटा सोडून फोडला होता ना? हे त्याचंच धाकटं भावंड. (बाबा, हे तुमच्यासाठी: डॉर्निए ही जर्मन विमान कंपनी. आवाजाहून वेगानं जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की उठणाऱ्या धक्क्याच्या लाटांनी काय होतं, हे ते तपासत होते. त्यातूनच १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा मुतखडा फोडला गेला.)

टाचेत मात्र काही फोडत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात तशी "हाडाची वाढ" विरघळत नाही. बहुतेकदा दुखणं तिचं नसतंच. दुखतो तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा. जुनं दुखणं म्हणजे त्याची दुरुस्ती अर्ध्यावर रखडलेली. ठोके देऊन ती पुन्हा सुरू करायची, एवढाच हेतू.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मागच्या वर्षी मी स्वतः करून घेतलं. पालथं झोपवलं, टाचेला गारगार जेल लावलं आणि टॉर्चएवढं यंत्र टेकवलं. त्याच्या नळीत हवेच्या दाबानं धातूचा छोटा तुकडा पुढे आपटत राहतो. टटटटट, शेजारी ड्रिल चालल्यासारखं. दोन हजार ठोके, पाचेक मिनिटं. दुखतं, खोटं कशाला सांगू? नेमक्या जागी आलं तेव्हा मी टेबलाची कड आवळून धरली होती. सांगितलं की दाब कमी करतात, तू आपली गप्प सोसत बसू नकोस.

आठवड्याला एकदा, असं तीनदा. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस टाच जास्तच ठणकली. तिसरीनंतरही वाटलं, गेले पैसे पाण्यात. मग दोनेक महिन्यांनी एका सकाळी दूध घेऊन आत आले आणि लक्षात आलं, आज भिंत धरलीच नाही. सगळ्यांना असा गुण येतोच असं नाही. पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायामही मी रोज करत होते. आणि त्या दिवसांत सूज उतरवायची गोळी मनानं घ्यायची नाही.

बाबा, "जातोच आहोत तर माझा खांदाही दाखवतो" हे नको. तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

आईच्या पहिल्या खेपेला मी येते, शनिवारची वेळ घ्या. तोवर आई, फरशीवर अनवाणी उभी राहू नकोस. मी आणलेली मऊ चप्पल कपाटात खोक्यातच आहे, मला माहितीये.

तुमची,
सोनू